वाढीच्या हार्मोनचं इंजेक्शन : कुणाला खरी गरज, कुणाच्या खिशाला नुसती चाट?

खानापूर : लग्नाला पाच-सात वर्षं झाली, घरात पाळणा हलत नाही, म्हणून तालुक्यातली जोडपी आधी बेळगाव गाठतात. तिथं जमलं नाही तर हुबळी, कोल्हापूर, नाहीतर घाट उतरून गोवा. निपाणी-चिक्कोडीकडच्यांना कोल्हापूरच जवळ. कुठंही गेलं तरी टेस्ट ट्यूब बेबीच्या, म्हणजे आयव्हीएफच्या खर्चाचा कागद हातात पडतो. काही वेळा त्या कागदावर नेहमीच्या इंजेक्शनांच्या खाली आणखी एक ओळ असते : ग्रोथ हार्मोन.

ही सुई तर उंची न वाढणाऱ्या मुलांना देतात ना? मग मूल हवं असलेल्या बाईला कशासाठी? घरी आल्यावर हा प्रश्न पडतो, पण दवाखान्यात विचारायचा राहून जातो. तोवर कुणी दागिना मोडलेला असतो, कुणी सोसायटीचं कर्ज काढलेलं असतं. या सुईचे पैसे हजारोंच्या घरात जातात, त्यामुळं हे हार्मोन अंडाशयात नेमकं काय करतं, हे समजून घेणं गरजेचं आहे. दुसरं कारणही आहे. हे हार्मोन खरोखरच बंद पडलेल्या काही बायका आपल्याच गावांत असू शकतात आणि त्यांच्याकडं मात्र कुणाचं लक्ष जात नाही.

डोक्यातली ग्रंथी, पोटातलं काम

मेंदूच्या खाली वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. तिला पीयूषिका किंवा पिट्युटरी म्हणतात. वाढीचं हार्मोन तिथंच तयार होतं. ते दिवसभर सारखं झिरपत नाही, थोड्या थोड्या वेळानं उसळी मारल्यासारखं सुटतं आणि सगळ्यात मोठी उसळी रात्री गाढ झोपेत येते. रक्तातून ते यकृताकडं जातं. यकृत त्यावरून दुसरं एक रसायन बनवतं, त्याचं नाव आयजीएफ-1. हाडं, स्नायू वाढवायचं बरंचसं काम या आयजीएफ-1 मार्फत होतं.

उंची वाढायची थांबली म्हणजे हे हार्मोन संपलं, असं नाही. मोठेपणीही ते तयार होत राहतं, फक्त वयाबरोबर कमी होत जातं. मोठ्या माणसात ते चरबी, साखर, स्नायू, हाडं यांचा हिशेब सांभाळतं. बाईच्या अंडाशयातल्या पेशींवरही त्याला पकडून घेणाऱ्या जागा असतात.

आता अंडाशयाकडं. मुलगी जन्मते तेव्हा तिच्या दोन्ही अंडाशयांत मिळून साधारण 10 ते 20 लाख स्त्रीबीजं असतात. नवीन बीजं नंतर तयार होत नाहीत, असंच आजवरचं शास्त्र मानतं. वयात येईपर्यंत 3 ते 4 लाख उरतात आणि त्यातली जेमतेम 400 ते 500 आयुष्यभरात पिकून बाहेर पडतात. बाकीची आपोआप जिरून जातात. प्रत्येक बीज एका छोट्या पिशवीत असतं, तिला फॉलिकल म्हणतात. सोनोग्राफीवाले डॉक्टर मोजतात ते हेच.

फॉलिकल वाढवायचा मुख्य हुकूम देणारं हार्मोन वेगळं आहे. त्याचं नाव एफएसएच, तेही पिट्युटरीतूनच येतं. आयव्हीएफमध्ये रोज टोचतात ती मुख्य सुई याचीच.

मग वाढीच्या हार्मोनचं काम काय? भाताच्या शेतातलं उदाहरण घ्या. एफएसएच म्हणजे युरिया. पण युरिया टाकला आणि रोपाची मुळंच अशक्त असली तर पीक पिवळंच राहतं. मुळाला खत ओढायची ताकद लागते. वाढीचं हार्मोन आणि आयजीएफ-1 फॉलिकलच्या भिंतीतल्या पेशींना ही ताकद देतात. त्या पेशी एफएसएचला जास्त चांगला प्रतिसाद देतात, इस्ट्रोजेन जास्त बनवतात, बीजाला पोसतात. प्रयोगशाळेत हे बऱ्यापैकी स्पष्ट दिसलेलं आहे.

ते नसलं तर मूल होतच नाही?

होतं. याचा पुरावा एका दुर्मीळ आजारातून मिळतो. इस्रायलचे डॉक्टर झ्वी लॅरॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1966 मध्ये काही बुटक्या मुलांची नोंद केली. त्यांच्या रक्तात वाढीचं हार्मोन भरपूर होतं, पण शरीर ते ओळखतच नव्हतं, त्यामुळं आयजीएफ-1 अगदी कमी. हा आजार आता लॅरॉन सिंड्रोम म्हणून ओळखला जातो. दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोर देशाच्या डोंगराळ भागात असे लोक मोठ्या संख्येनं आहेत. तिथल्या आणि इस्रायलमधल्या अशा मुली वयात उशिरा येतात, उंची चार फुटांच्या आसपास राहते. पण पुढं त्यांना पाळी येते आणि मुलंही झालेली आहेत.

म्हणजे वाढीचं हार्मोन हे अंडाशयाचं मालक नाही, मदतनीस आहे. मदतनीस नसला तरी काम रेंगाळत होतं. मात्र मालक आणि मदतनीस दोघंही एकदम गेले तर काय होतं, ते बघायला परदेशात जायची गरज नाही.

बाळंतपणात रक्त गेलं, नंतर पाळीच आली नाही

गरोदरपणात पिट्युटरी ग्रंथी फुगते, तिला जास्त रक्त लागतं. बाळंतपणात खूप रक्तस्राव झाला, रक्तदाब कोसळला, की या फुगलेल्या ग्रंथीला रक्त पुरत नाही आणि तिचा काही भाग मरतो. इंग्लंडमधले डॉक्टर हॅरॉल्ड शीहान यांनी 1937 मध्ये याचं सविस्तर वर्णन केलं, म्हणून याला शीहान सिंड्रोम म्हणतात. यात सहसा सर्वांत आधी मार बसतो तो वाढीचं हार्मोन आणि दूध आणणारं प्रोलॅक्टिन बनवणाऱ्या पेशींना. पुढं एफएसएच, थायरॉईडला चालवणारं हार्मोन, ताण झेलणाऱ्या कॉर्टिसोलला चालवणारं हार्मोन, एकेक करत बंद पडू शकतं.

याची खूण पहिल्या आठवड्यातच दिसते : बाळंतिणीला दूधच येत नाही. घरातली मोठी माणसं म्हणतात, अशक्तपणा हाय, डिंकाचे लाडू द्या, होईल. महिने जातात, पाळी परत सुरू होत नाही. काखेतले केस जातात, थंडी सोसवत नाही, कामाला उठवत नाही, चक्कर येते. बाई आळशी झाली, असं बोलणं मात्र ऐकावं लागतं. निदान व्हायला कित्येकदा वर्षानुवर्षं जातात. आपल्या देशात हा आजार दुर्मीळ म्हणून सोडून देता येणार नाही. काश्मीरमधल्या एका अभ्यासात, जो 2005 मध्ये प्रसिद्ध झाला, मूल झालेल्या 20 वर्षांवरच्या बायकांत याचं प्रमाण सुमारे 3 टक्के निघालं होतं.

अशा बाईचं अंडाशय बिघडलेलं नसतं. नदीवरची मोटर चांगली असते, पण थ्री फेजच येत नाही, तसा हा प्रकार. त्यामुळं दुसरं मूल हवं म्हणून ती दवाखान्यात जाते आणि तपासण्या नुसत्या अंडाशयाच्या होतात, तेव्हा मूळ दुखणं निसटतं. दोन गोष्टी इथं फार महत्त्वाच्या आहेत. एक, पाळी लवकर गेली असेल तर एफएसएच तपासावं. अंडाशय संपलं असेल तर एफएसएच खूप वाढलेलं असतं. पिट्युटरी बंद असेल तर ते कमी, किंवा पाळी नसतानाही नॉर्मलच्या आसपास असतं. दुसरी, थायरॉईडसाठी फक्त टीएसएच तपासलं तर अशा बाईचा रिपोर्ट नॉर्मल वाटू शकतो, कारण टीएसएच बनवणारी ग्रंथीच आजारी असते. सोबत टी-4 बघावं लागतं. आणि कॉर्टिसोल न तपासता थायरॉईडची गोळी सुरू केली तर जिवावर बेतू शकतं. म्हणून हे काम हार्मोनच्या डॉक्टरांकडं, म्हणजे एंडोक्रायनॉलॉजिस्टकडं, जायला पाहिजे.

अशा बायकांना आधी कॉर्टिसोल आणि थायरॉईडची भर, मग बीज पिकवायची इंजेक्शनं, अशा क्रमानं उपचार करून मूल होऊ शकतं. वाढीचं हार्मोन बीज पिकवण्याच्या उपचारात जोडून बघायला 1980 च्या दशकाच्या शेवटी सुरुवात झाली, तेव्हा ज्यांची पिट्युटरी कमी चालते अशा बायकांत फरक जाणवला होता. त्यांना एफएसएचसारख्या सुयांचा डोस कमी पुरला. ज्याची खरोखर कमतरता आहे त्याची भर घातली की काम सुधारतं, हे तर्कालाही धरून आहे.

बेळगाव जिल्ह्यानं जगाला दिलेलं उत्तर

शीहान टाळायचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे बाळंतपणातला रक्तस्राव टाळणं. याबाबतीत बेळगाव जिल्ह्याचं नाव वैद्यकाच्या इतिहासात कायमचं नोंदलं गेलंय आणि हे आपल्याच लोकांना फारसं माहीत नाही.

बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजनं अमेरिकेतल्या संशोधकांसोबत 2002 ते 2005 या काळात जिल्ह्याच्या ग्रामीण भागात एक मोठी चाचणी घेतली. चार प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या हद्दीतल्या 1620 बायका तिच्यात होत्या. घरी किंवा उपकेंद्रात नर्सबाईंच्या हातून बाळंतपण झालं की लगेच काहींना मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या, काहींना तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्या. औषध न मिळालेल्यांत 100 पैकी 12 जणींना जास्त रक्तस्राव झाला, औषध मिळालेल्यांत साधारण 6 जणींना. म्हणजे दर 18 बायकांना गोळ्या दिल्या की एकीचा जास्तीचा रक्तस्राव टळत होता. हा अहवाल 2006 मध्ये लॅन्सेट या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापून आला. रक्तस्राव रोखण्यासाठी ही गोळी 2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आली.

त्या चाचणीचा विषय रक्तस्राव हा होता, वाढीचं हार्मोन नव्हे. पण ज्या बाईचा रक्तस्राव टळला, तिच्या पिट्युटरीवरचं संकटही टळलं. कणकुंबी, जांबोटीच्या पलीकडं जंगलातल्या वाड्यांतून पावसाळ्यात दवाखाना गाठायला किती वेळ लागतो, हे इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. बाळंतपण दवाखान्यातच का करायचं, त्याचं हे आणखी एक कारण.

आयव्हीएफमधली जादा सुई

आता खर्चाच्या कागदावरची ती ओळ. भारतात शास्त्रीय नोंद असलेली मुंबईतली पहिली टेस्ट ट्यूब बेबी 6 ऑगस्ट 1986 रोजी केईएम रुग्णालयात जन्मली. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्या प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंदकुमार यांचं ते काम. त्याआधी 1978 मध्ये कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जी यांनी हे करून दाखवलं होतं, पण त्यांना मान मिळाला तो मरणानंतर, आणि तोही याच आनंदकुमारांनी पुढाकार घेतल्यामुळं. तेव्हा एखाद्या शहरात होणारा उपचार आज तालुक्याच्या आसपास आलाय. केंद्रं वाढली, स्पर्धा वाढली आणि मूळ उपचाराला जोडायच्या जादा गोष्टीही वाढल्या. वाढीचं हार्मोन त्यातलंच एक.

ते सुचवलं जातं मुख्यतः ज्यांच्यात बीजं कमी मिळतात अशा बायकांना. वय 40 च्या पुढं, एएमएच कमी, किंवा आधीच्या खेपेला तीन किंवा त्याहून कमी बीजं मिळालेली, अशा त्या. आपल्याकडं अशा बायका जास्त भेटतात, त्याला कारण आहे. भारतीय आणि स्पॅनिश बायकांची तुलना करणारा अभ्यास 2014 मध्ये आला. त्यात भारतीय बायकांचं अंडाशय वयाच्या मानानं सुमारे 6 वर्षं पुढं गेलेलं आढळलं.

सुई दिली तर फरक पडतो का? ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या केंद्रांनी 130 बायकांवर नीट चाचणी केली. निम्म्या बायकांना खरं हार्मोन, निम्म्यांना खोटी सुई, कुणाला काय दिलं ते डॉक्टरांनाही माहीत नाही. निकाल 2019 मध्ये आला. जिवंत मूल होण्याचं प्रमाण हार्मोनवाल्या गटात 14.5 टक्के, खोट्या सुईच्या गटात 13.7 टक्के. एका टक्क्याहूनही कमी फरक. या चाचणीला ठरवलेल्या संख्येइतक्या बायका मिळाल्या नाहीत, त्यामुळं हा शेवटचा शब्द धरता येत नाही. पण सुईची बाजू घेणाऱ्यांनाही त्यातून बळ मिळालं नाही.

वेगवेगळ्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेनं 2021 मध्ये 16 चाचण्यांतल्या 1352 बायकांचा आढावा घेतला. कमी बीजं देणाऱ्या बायकांत हार्मोननं एखाददुसरं बीज जास्त मिळतं, गर्भ राहण्याचं प्रमाणही थोडं वाढताना दिसतं. पण मूल हातात येण्याचं प्रमाण वाढतं का, याची खात्री देता येत नाही, असा त्यांचा निष्कर्ष. युरोपातल्या वंध्यत्व तज्ज्ञांच्या संघटनेनंही आपल्या मार्गदर्शनात कमी बीजं देणाऱ्यांना ही सुई सरसकट द्यायची शिफारस केलेली नाही.

असं का होत असावं? फॉलिकलच्या वाढीचा शेवटचा मोठा टप्पाच जवळपास 85 दिवसांचा असतो. दहा-पंधरा दिवसांच्या सुईनं त्यातला मोजकाच काळ हाताशी येतो. दुसरं म्हणजे वय वाढलं की बीजातल्या गुणसूत्रांची वाटणी चुकायला लागते. हे मुख्य दुखणं आहे आणि त्यावर ही सुई इलाज ठरल्याचा भक्कम पुरावा नाही.

शिवाय ती पाण्यासारखी निरुपद्रवी नाही. वाढीचं हार्मोन रक्तातली साखर वाढवतं, अंगावर सूज आणि सांधेदुखी आणू शकतं. कॅन्सर असलेल्यांना ते देत नाहीत. घरात साखरेचा आजार असेल तर डॉक्टरांना आधीच सांगायला हवं.

वाढीचा दुसरा भाऊबंद : इन्सुलिन

कमतरतेपेक्षा जादा झाल्यामुळं अंडाशय बिघडलेल्या बायका आपल्याकडं कितीतरी जास्त आहेत. इन्सुलिन आणि आयजीएफ-1 ही घडणीनं जवळची, एका कुळातली. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की स्वादुपिंड ते आणखी ओतत राहतं. हे जादा इन्सुलिन अंडाशयाला पुरुषी हार्मोन बनवायला लावतं. फॉलिकल अर्धवट वाढून थांबतात, पाळी दोन-दोन महिने लांबते, हनुवटीवर केस येतात. हाच पीसीओएस.

इथं महागड्या सुईच्या आधी बाकीचे उपाय आहेत. वजन जास्त असेल तर त्यातलं 5 ते 10 टक्के उतरलं तरी बऱ्याच जणींची पाळी मार्गावर येते. बीज पिकवायला पहिली पसंती लेट्रोझोल या स्वस्त गोळीला असते, अर्थात डॉक्टरांच्या सल्ल्यानं. रात्रीची गाढ झोप, चालणं, ताटातला भात थोडा कमी करून डाळ-उसळ वाढवणं, याला बिल येत नाही.

पैसे भरण्याआधी विचारायचे प्रश्न

आयव्हीएफ केंद्रांसाठीचा कायदा 2021 चा आहे, जानेवारी 2022 पासून तो लागू आहे आणि कर्नाटक, महाराष्ट्र, गोवा सगळीकडं सारखाच आहे. बाईचं वय 21 ते 50 आणि पुरुषाचं 21 ते 55 असेल तरच उपचार करता येतात. केंद्राची नोंदणी बंधनकारक आहे. यश येण्याची शक्यता, फायदे-तोटे, खर्च आणि धोके जोडप्याला आधी समजावून सांगणं ही केंद्राची जबाबदारी आहे. संमतीपत्र कन्नड किंवा इंग्रजीत असेल तर मराठीत समजावून मागावं, समजल्याशिवाय सही करू नये. सरकारी वाट हवी असेल तर बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात 2023 मध्ये मोफत आयव्हीएफ सुरू झालंय. मात्र कर्नाटकातल्या रहिवाशांना काय नियम लागतात, ते जाण्याआधी फोनवर विचारून घ्यावं.

ग्रोथ हार्मोनची ओळ कागदावर दिसली तर शांतपणे हे विचारावं :

- माझ्या शरीरात याची कमतरता आहे का? असेल तर कोणत्या तपासणीत दिसली?
- ही सुई घेतली नाही तर मूल होण्याच्या शक्यतेत किती फरक पडेल? बीजांच्या संख्येत नको, मूल होण्याच्या शक्यतेत सांगा.
- एकूण किती दिवस, किती डोस, सगळे मिळून किती रुपये?
- माझी साखर तपासली आहे का?
- हेच पैसे राखून ठेवले तर पुढच्या एका खेपेला उपयोगी पडतील का?

चांगला डॉक्टर या प्रश्नांना वैतागत नाही. काही बायकांच्या बाबतीत विचार करून ही सुई सुचवणारे डॉक्टरही आहेत. त्यांच्याकडं कारण असतं आणि ते कारण ते सांगू शकतात.

आणि आशाताईंनी, घरातल्या सासूबाईंनी, आत्याबाईंनी एक प्रश्न विसरू नये. बाळंतपणात खूप रक्त गेलेल्या सुनेला दोन-तीन महिन्यांनी विचारावं : दूध नीट आलं का, आणि दूध आलंच नसेल तर पाळी परत सुरू झाली का? दोन्हीचं उत्तर नाही असेल, तर लाडू थांबवा आणि तिला हार्मोनच्या डॉक्टरांकडं घेऊन जा.